कामावरच्या कुत्र्याची कुईकुई



सुगी आटोपली, ज्वारी खळ्यावरून घरात आली, की आपल्या मोहोळच्या आसपासची रानं मोकळी होतात. धसकटांच्या रानात मेंढरं उतरतात आणि मेंढरांच्या मागेपुढे कुत्री चालतात. काही घरांच्या दारात याखेरीज आणखी एक कुत्रा दिसतो. लांब तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट आणि उंच सडपातळ पाय. आपण त्याला कारवान म्हणतो. कानाशेपटीवर लांब केस असले तर पश्मी म्हणतो. कृष्णेपलीकडे याच घराण्याचा कुत्रा मुधोळ म्हणून ओळखला जातो, कारण मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तो हौसेनं जोपासला. २००५ साली आपल्या टपाल खात्यानं या मुधोळ कुत्र्याचं तिकीट काढलं, आणि २०१६ साली सैन्यानं मीरतच्या आपल्या केंद्रात त्याला शिकवायला घेतलं. तेव्हा जात गुणाची आहे, यात शंका नाही.

पण या गुणाच्या कुत्र्याबद्दल एक तक्रार पुष्कळदा ऐकू येते. मालक म्हणतो, “गुरुजी, पळायला वारा आहे, नजर घारीची आहे, पण कामाला उभा केला की कुईकुई काही थांबत नाही. दोरी ताणतो, थरथरतो, पाय नाचवतो आणि सारखा रडतो.” मेंढपाळाच्या कुत्र्याचं हेच, रात्री मळ्यावर राखणीला बांधलेल्या कुत्र्याचंही हेच. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. गुराढोरांचा डॉक्टर मी नव्हे. पण हा प्रश्न औषधाचा कमी आणि सवयीचा जास्त आहे, आणि सवय कशी लागते व कशी सुटते, हा आमच्या शास्त्राचा विषय आहे. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

कुणी म्हणेल, मुका प्राणी आहे, करीना का कुईकुई! त्यात बिघडतं काय? सांगतो. आपल्या भागात नान्नजच्या माळावर १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. त्या माळांवर काळविटांचे कळप आहेत आणि लांडगेही आहेत. लांडगा रात्री वाऱ्याच्या उलट बाजूनं, आवाज न करता येतो. अशा वेळी मेंढपाळाला जाग आणायची ती कुत्र्यानं. एका म्हाताऱ्या मेंढपाळानं मला फार मार्मिक सांगितलं. तो म्हणाला, “कुत्रं बोललं तर खरं बोलावं. रातभर बोलणाऱ्या कुत्र्याला कोण उठतंय?” हीच खरी हानी आहे. सारखं कुरकुरणारं कुत्रं खोटं बोलत नसेल. पण त्याचं खरं बोलणं आपल्याला ओळखू येत नाही. सकाळी वाड्यात दोन कोकरं कमी भरतात, आणि मार बसतो तो त्या कुत्र्यालाच.

दुसरी हानी कुत्र्याची. मनाचा असा ताण सोसणारा कुत्रा काम सुरू होण्याआधीच अर्धा थकतो. त्याचं हुकमाकडे लक्ष राहत नाही. म्हणूनच जिथं कुत्र्याकडून नेमकं काम घ्यायचं असतं तिथं शांतपणाला फार किंमत आहे. स्फोटकं शोधणाऱ्या पोलिसी कुत्र्याला वास लागला की भुंकायचं नाही, गुपचूप खाली बसायचं, असं शिकवतात. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ नावाच्या कुत्र्याचा मोठा लौकिक झाला, तो अशाच कामासाठी. इंग्लंडात बंदुकीनं पाडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धा होतात. त्यात काम चालू असताना कुईकुई करणारा किंवा भुंकणारा कुत्रा स्पर्धेतून बाद होतो, मग तो कितीही चपळ असो.

आता उपायाकडे वळण्याआधी एक पारख करायला हवी. प्रत्येक कुईकुई एकाच कारणाची नसते. कुत्रा निजलेला असतानाही कण्हत असेल, एक पाय उचलून धरत असेल, कान झाडत असेल किंवा हात लावताच ओरडत असेल, तर ते दुखणं समजावं. आपल्या माळावर कुसळी गवत उदंड. त्याचं कुसळ बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरतं आणि आत आत सरकत जातं. बाभळीचा काटा तर ठरलेलाच. अशा वेळी पंजे आणि कान नीट पाहावेत, आणि जनावरांच्या दवाखान्यात न्यावं. शेपूट पायांत, कान मागं, अंग चोरलेलं, असं दिसलं तर ती भीती आहे. आणि एक सावधगिरीचा इशारा: कुत्र्याचा आवाज एकाएकी बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना, उगाच चावा घेऊ लागला, तर त्याच्याजवळ जाऊ नका, मुलांना जाऊ देऊ नका आणि लगेच पशुवैद्याला कळवा. ते पिसाळण्याचं लक्षण असू शकतं. पिसाळलेला रोग एकदा उमटला की उपाय उरत नाही. म्हणून चावा बसलाच तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी आणि तडक दवाखाना गाठून लस घ्यावी. कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचून घ्यावी.

दुखणं नाही, भीती नाही. शेपूट वर आहे, अंग पुढं झुकलेलं आहे, नजर एका जागी खिळली आहे, आणि सोडलं रे सोडलं की आवाज बंद होतो, अशी कुईकुई मात्र उतावीळपणाची. आजचं बोलणं तिच्याविषयीच आहे.

ही उतावीळ कुईकुई येते कुठून? थोडा भाग रक्ताचा. काही कुत्री जन्मतःच तापट असतात, आणि तोच गुण पिलांत उतरतो. पण मोठा भाग शिकवणीचा असतो, आणि गंमत अशी, की ती शिकवणी आपण स्वतःच दिलेली असते. पावलॉव्ह नावाचे एक रशियन शास्त्रज्ञ होऊन गेले. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांना असं आढळलं, की अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. शिक्षक बंधूंना हे सांगायला नकोच. शनिवारी शाळा सुटण्याची घंटा व्हायला पाच मिनिटं उरली, की मुलं दप्तरं आवरू लागतात. घंटा अजून झालेलीही नसते. तसंच, खुंटीवरची दोरी हातात घेतली की कुत्र्याचं मन माळावर पोचतं. पाय मात्र अजून दारातच असतात. पुढं धावलेलं मन आणि अडलेले पाय यांच्या ओढाताणीतून तो आवाज निघतो.

इथवर निसर्ग आहे. आपली चूक होते ती याच्या पुढं. कुत्रा कुईकुई करतो, आपण वैतागतो आणि म्हणतो, “जा बाबा एकदाचा!” आणि दोरी सोडतो. कुत्र्याच्या हिशेबानं काय झालं? तो रडला आणि दोरी सुटली. दुसऱ्या दिवशीही तसंच. महिन्याभरात त्याचा पाठ पक्का होतो, की दार उघडायचं ते या आवाजानं. त्या कुईकुईला आपणच मजुरी देतो. वर्गात “गुरुजी, मी! गुरुजी, मी!” म्हणून ओरडणाऱ्या मुलालाच आपण प्रश्न विचारत गेलो, तर सारा वर्ग ओरडायला शिकेल. मुकाट हात वर करणाऱ्याला विचारलं, तर वर्ग हात वर करायला शिकेल. कुत्र्याचा कायदा याहून वेगळा नाही. आवाजाची मजुरी बंद करायची आणि गप्प राहण्याची मजुरी सुरू करायची, एवढंच सूत्र. ते अमलात कसं आणायचं, ते आता क्रमानं पाहू.

पण त्याआधी कायद्याची एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पूर्वी कारवान कुत्रा म्हणजे सशाच्या शिकारीचा कुत्रा. १९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आज ससा, काळवीट, चिंकारा यांची शिकार हा गुन्हा आहे. आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे केवळ जीव घेणं नव्हे. जनावर पकडणं, हाकणं, कुत्रा लावून त्याचा पाठलाग करणं, तसा प्रयत्न करणं, हेही शिकारीतच मोडतं. “मी मारला कुठं, नुसता छू केला,” असं म्हणून सुटका होत नाही. तेव्हा कुत्र्याला तयार करण्यासाठी जिवंत ससा नको. त्याच्या जागी जुन्या चिंध्यांचं घट्ट गाठोडं बांधा. नांगरट नसलेल्या मोकळ्या रानात ते फेकलं, किंवा लांब दोरीला बांधून ओढलं, तर कारवानाला धावण्याचं समाधान पुरेपूर मिळतं आणि आणून देण्याचं कामही शिकवता येतं.

आता पहिला धडा घरात, भाकरीच्या वेळी. थाळी हातात घेऊन उभे राहा. कुत्रा कुईकुई करू लागला की काही न बोलता थाळी वर उचला. गप्प झाला की थाळी खाली आणा. पुन्हा आवाज, पुन्हा थाळी वर. रागवायचं नाही, समजावायचंही नाही. पहिल्या दिवशी त्यानं एक आकडा मोजेपर्यंत तोंड मिटलं तरी थाळी द्या. मग दोन, मग पाच, मग दहा. आठवडाभर हे चाललं की कुत्र्याच्या ध्यानात येतं, गप्प बसलं की भाकरी मिळते.

दुसरा धडा दोरीचा. खुंटीवरची दोरी काढा. नाच सुरू झाला की दोरी पुन्हा खुंटीला लावा आणि आपल्या कामाला लागा. थोड्या वेळानं पुन्हा काढा. पहिल्या दिवशी हे दहादा करावं लागेल. दाराशीही तेच. बसल्याशिवाय आणि गप्प झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि कधी कधी दोरी बांधून अंगणातच एक फेरी मारून परत यावं. दोरी म्हणजे दर वेळी धावणं नव्हे, हेही त्याला कळू द्यावं.

तिसरा धडा रानातला, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक कुत्र्याची एक सीमा असते. मेंढरांपासून दोनशे पावलांवर तो शांत बसतो, शंभर पावलांवर थरथरतो, पन्नास पावलांवर रडतो. आपण नेमके त्याला पन्नास पावलांवर उभा करून “गप्प बस” म्हणतो. पोहायला शिकणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी विहिरीच्या मधोमध ढकलण्यासारखं आहे ते. दोनशे पावलांवरून सुरुवात करा. तिथं शांत बसला की भाकरीचा तुकडा द्या, पाठीवर सावकाश हात फिरवा. मग दहा पावलं पुढं. आवाज निघाला तर तोंड फिरवून मागं चला. गप्प झाला की पुन्हा पुढं. कुत्र्याला दिसलं पाहिजे, की आवाजानं मेंढरं लांब जातात आणि शांततेनं जवळ येतात.

चिंध्यांच्या गाठोड्याचा खेळही असाच. कुत्रा बसलेला, गाठोडं फेकलेलं, पण सोडायचा तो आवाज पूर्ण थांबल्यावरच. आणि दहा वेळा फेकलं तर सहा वेळा आपणच चालत जाऊन उचलून आणायचं. फेकलेली प्रत्येक वस्तू माझीच, हा त्याचा समज गेला की निम्मा उतावीळपणा गेला. धडा दहा-पंधरा मिनिटांचा पुरे. त्याआधी अर्धा तास संथ चालवावं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिसावर जातो, तेव्हा धडा सकाळी उजाडताच उरकावा.

चौथी गोष्ट संगतीची. कुईकुई ही जांभईसारखी पसरते. दोन उतावीळ कुत्री शेजारी शेजारी बांधली तर दोन्ही एकमेकांना चढवतात. नवा गोऱ्हा औताला जुंपताना आपण त्याच्या जोडीला जुना, सरावलेला बैल देतो ना? तसंच तरुण कुत्र्याला शांत, वयस्क कुत्र्याशेजारी बसवावं, आणि दुसऱ्याचं काम नुसतं पाहायला लावावं. पाहत बसणं हेही एक काम आहे, हे कुत्र्याला शिकवावं लागतं.

आता काय करू नये ते. मारू नये. मारानं अंगातली खळबळ कमी होत नाही, वाढते. आणि मारून गप्प केलेला कुत्रा कधी कधी गुरगुरण्याचा इशाराही न देता चावतो. ओरडू नये, आपण ओरडलो की कुत्र्याला वाटतं, मालकही माझ्यासारखाच पेटलाय. “अरे राजा, अरे सोन्या” करून कुरवाळू नये. तीही मजुरीच झाली. तोंडाला दोरी आवळून तर कधीच ठेवू नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तोंड उघडून, जीभ काढून धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. आपल्या उन्हात तोंड बांधलेला कुत्रा उष्म्यानं मरू शकतो. आणि उपाशी ठेवल्यानं तो शांत होईल ही समजूतही चुकीची. भुकेला जीव अधिकच उतावीळ होतो.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुष्कळ लोक तिथंच हात टेकतात. मजुरी बंद केली की पहिले काही दिवस कुईकुई कमी होण्याऐवजी वाढते. जत्रेत पिपाणीसाठी हट्ट धरलेलं पोर नाही म्हटल्यावर आधी मोठ्यानं भोकाड पसरतं, तसंच हे. तेव्हा माघार घेतली तर कुत्रा शिकतो, की आणखी मोठ्यानं, आणखी वेळ रडलं की काम होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरं यांच्यावर प्रयोग करून दाखवलं, की ज्या वागणुकीला दर वेळी नव्हे, पण मधूनमधून बक्षीस मिळतं, ती वागणूक सर्वांत चिवट होते. म्हणून सहा दिवस नियम आणि सातव्या दिवशी सूट, हे नियम नसण्यापेक्षा वाईट. घरातल्या सगळ्यांचा नियमही एकच हवा. धनी कडक आणि नातवंडं मायाळू, असं असेल तर कुत्रा नातवंडांचंच ऐकेल.

या उपायांनी प्रत्येक कुत्रा मुका होईल, असं वचन मी देणार नाही. चार-पाच वर्षं मुरलेली सवय पुष्कळ कमी होते, पण ताणाच्या क्षणी पुन्हा डोकं वर काढते. अशा कुत्र्याला रात्रीच्या राखणीऐवजी दिवसाच्या सोबतीचं काम द्यावं. त्याला माळावर सोडून देणं हा उपाय नव्हे. सोडलेली कुत्री टोळीनं फिरतात आणि काळविटाच्या पाडसांवर, कुणाच्या तरी कोकरांवर तुटून पडतात. फार तापट नर किंवा मादी असेल तर तिची वीण वाढवू नये. पिल्लू घेताना आईबाप कामावर कसे उभे राहतात, ते जरूर पाहावं. आणि पिल्लाला चार महिन्यांचं असतानाच धावण्याची चटक लावू नये. आधी बसणं, थांबणं आणि हाकेला येणं. धावणं त्याच्या रक्तात आहेच, ते कुठं पळून जात नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती. खेड्यातली कुत्री मोठ्यांपेक्षा मुलांच्याच हाताखाली अधिक वाढतात. सशामागं छू करू नये आणि रडणाऱ्या कुत्र्याला दगड मारू नये, या दोन गोष्टी आपण वर्गात सांगितल्या, तर त्या संध्याकाळपर्यंत घरोघर पोचतात. थाळीचा प्रयोग तर मुलांकडून करवून घेण्यासारखा आहे. रोज किती आकडे मोजेपर्यंत कुत्रा गप्प राहिला, ते त्यांनी वहीत लिहावं. गणितही होईल, निरीक्षणही होईल आणि धीर धरण्याचा धडा कुत्र्याबरोबर मुलालाही मिळेल.

तेव्हा श्रोतेहो, यासाठी पैसा नको की साहित्य नको. आज रात्री भाकरी घालताना थाळी एकदम खाली ठेवू नका. क्षणभर थांबा, कुत्र्याचं तोंड मिटू द्या, आणि मग ठेवा. उद्या दोन आकडे मोजा. पावसाळ्याआधी तुमच्या वाड्यावरचा कुत्रा मध्यरात्री भुंकला, तर तुम्ही खात्रीनं कंदील घेऊन उठाल.